आळ्यातले लोणी

बुध., २३ जाने. १९९१, रियाध

कुमुदने काल सायंकाळी सात चमचे खाल्ले. ही गोष्ट प्रथम नोंदवतो. तक्रारी नंतर.

हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या आतल्या खोलीत आम्ही चौघे, म्हणजे कुमुद, मी, मुलगा शिरीष आणि सूनबाई मेधा, दाराखाली ओले टॉवेल सारून बसलो होतो. तेवढ्यात तळमजल्यावरची नोरा वर आली. ही मेधाच्या रुग्णालयातील आयरिश परिचारिका, साठीच्या घरातली. सोबतिणी मायदेशी निघून गेल्यापासून एकटी राहते. एका हातात गॅसचा मुखवटा, दुसऱ्या हातात झाकलेले भांडे. ‘‘मरायचंच असेल तर जेवून मरू,’’ असे काहीसे म्हणाली. (तिचे इंग्रजी मी येथे मराठीत लिहितो. तिची खेडवळ ढब मराठीत अधिक बसते.)

भांड्यात कुस्करलेला बटाटा, त्यात बारीक चिरलेला हिरवा पाला, मध्ये आळे आणि आळ्यात वितळलेले लोणी. नाव कोलकॅनन. शिरीष म्हणाला, ‘‘अप्पा, बाहेर तोफा आहेत त्या पुरेत, घरात आणखी कॅनन कशाला?’’

तक्रारी: १) ती बाई सरळ कुमुदच्या पलंगावर बसली. २) तिला ‘कुमुद’ अशी एकेरी हाक मारते. ३) एकाच भांड्यात दोन चमचे. उष्ट्याखरकट्याचा काही विधिनिषेध नाही. मला ते पाहवेना. धोका टळल्याचा भोंगा व्हायच्या आतच मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. मेधा मागून ओरडली, ‘‘अप्पा, मुखवटा!’’

सात चमचे. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आल्यापासून एका बैठकीला इतके प्रथमच.


शनि., २६ जाने.

वजन. गेल्या शनिवारपेक्षा अधिक घसरलेले नाही. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितले. पातळ दिले तर ठसका लागून श्वासनलिकेत जाईल, घट्ट आणि मऊ द्या. फेब्रुवारी संपेपर्यंत वजन सावरले नाही तर नाकातून नळी. कुमुदसमोरच बोलले. तिने डावा हात नाकावर ठेवला आणि खाली घेतला नाही.

नळी घालायची तर हात बांधावे लागतात, असे मेधा नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाली. ‘‘बऱ्याच जणी उपटून काढतात, अप्पा. आई तर नक्कीच काढतील.’’

नोरा या आठवड्यात चार वेळा आली. चारही वेळा कुमुद जेवली. मेधाने सकाळी केलेल्या खिमटाला मात्र ‘‘नको’’. मऊ भाताला ‘‘नको’’. रताळ्याच्या खिरीला तोंडही उघडले नाही. मेधा रुग्णालयातील प्रयोगशाळेत बारा-बारा तास उभी राहते आणि घरी येऊन खिमट ढवळते. आज ओट्यापाशी रडली. मी म्हणालो, ‘‘यात रडण्यासारखे काय आहे? तिला बटाटा आवडतो एवढेच यातून सिद्ध होते.’’

‘‘तेच तर,’’ ती म्हणाली. ‘‘मी बटाटाही दिला होता. परवा. तुम्ही विसरलात.’’

विसरलो नव्हतो. तो बटाटा कुकरमध्ये शिजवलेला होता. तो वेगळा पदार्थ होय.


बुध., ३० जाने.

नोरा जाणार. रुग्णालयाने रजा मंजूर केली, जाऊन परत येण्याचा, एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का मिळाला, ९ फेब्रुवारीला जेद्दामार्गे. बहिणीची शस्त्रक्रिया आहे.

मी वही आणि पेन घेऊन खाली गेलो. चाळीस वर्षे न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगत आलो की लक्षण, म्हणजे व्याख्या, सांगता येत नसेल तर वस्तू कळलेली नाही. आजचा संवाद जसाच्या तसा:

‘‘बटाटे किती?’’

‘‘माणसं किती, त्यावर.’’

‘‘दोन.’’

‘‘मग दोघांपुरते.’’

‘‘पाला किती?’’

‘‘हिरवं दिसेपर्यंत.’’

‘‘दूध?’’

‘‘बटाटा मागेल तेवढं.’’

‘‘बटाटा मागतो म्हणजे नेमके काय करतो?’’

ती हसली. ‘‘प्रोफेसर, तुम्ही कुमुदशी लग्न केलंत तेव्हाही असेच प्रश्न विचारले होते का?’’

याला उत्तर देणे मी आवश्यक मानले नाही. वहीचे पान कोरे घेऊन वर आलो.


शनि., २ फेब्रु.

वजन स्थिर. डॉक्टर ‘‘ठीक’’ म्हणाले. ‘‘चांगले’’ म्हणाले नाहीत.

तेथून टॅक्सीने बत्ह्याच्या बाजारात गेलो. निम्मी दुकाने बंद. उघडी आहेत तेथे रेडिओभोवती घोळका. नोराच्या देशात ज्या पाल्याने हा पदार्थ करतात तो येथे मिळत नाही. नोरा कोबीच्या अगदी बाहेरच्या, काळपट हिरव्या पानांवर भागवते. ती पाने दुकानदार माल उतरवतानाच सोलून फेकतात. इस्माईलभाईच्या दुकानात गेलो. मूळचा दाभोळचा, वीस वर्षे येथे आहे. मराठी ऐकण्यासाठी मी कधीकधी नुसता त्याच्याकडे उभा राहतो.

‘‘इस्माईलभाई, कोबीची वरची पाने हवीत. फेकता ती.’’

‘‘ती कशाला, मास्तर? बकरी पाळलीत काय घरात?’’

‘‘खायला हवीत.’’

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘‘घरात तंगी आहे काय? शिरीषभाईचा पगार अडकला काय लढाईत? सांगा की वो. आपल्याच मुलखातले ना आपण.’’

पगार अडकलेला नाही, पत्नीच्या आजारासाठी हवीत, हा पदार्थ आयरिश आहे, असे त्याला क्रमाने समजावले. त्याचा विश्वास बसला नाही. पाल्याच्या पिशवीत त्याने सहा अंडी आणि खजुराची पेंड घातली आणि परत घेईना. मागच्या रांगेतला एक गृहस्थ हिंदीत मला ‘‘सब ठीक हो जाएगा, चाचा’’ म्हणाला.

अपमान आणि आस्था एकाच पिशवीत घेऊन घरी आलो. शिरीष पोट धरून हसला.


मंगळ., ५ फेब्रु.

धडा. नोरा आमच्या स्वयंपाकघरात. मी शेजारी घड्याळ आणि मोजपात्र घेऊन.

कुकर वर्ज्य. बटाटे सालासकट, थंड मिठाच्या पाण्यात ठेवून उकळायचे. पाणी ओतून दिल्यावर रिकाम्या भांड्यात मंद आचेवर पुन्हा ठेवून वाफ उडवायची. ही पायरी ती सांगायलाच विसरली होती. मी हात धरून थांबवले. ‘‘हे काय करता आहात?’’ ‘‘काय करतेय?’’ ‘‘पाणी काढल्यावर पुन्हा आचेवर ठेवलेत.’’ ‘‘हो मग? ओला बटाटा चिकट होतो.’’ पन्नास वर्षे करते आहे आणि तिला ही पायरी वाटतच नाही!

सोलून गरम असतानाच कुस्करणे. येथील बटाटा मेणचट आहे, म्हणून घोटायचा नाही, नुसता दाबायचा. कांद्याची पात दुधात उकळून ते दूध गरमच घालणे. पाने वेगळी शिजवून, पिळून, अत्यंत बारीक चिरणे, म्हणजे कुमुदच्या घशात अडकणार नाहीत. मिरी. मीठ. आळे. लोणी.

सर्व मोजले. बटाटे चार मध्यम. दूध पाऊण वाटी. पाने पिळल्यावर एक मूठ. वेळ बेचाळीस मिनिटे. सोळा कलमे झाली. नोराला वाचून दाखवली. ‘‘बरोबर,’’ म्हणाली, ‘‘पण ऐकून भूक गेली.’’

ती भांडे घेऊन आत गेली. मी ओटा पुसला आणि कलमांची स्वच्छ प्रत केली. आतून दोघींचे हसणे ऐकू आले. कुमुद हसली की एका बाजूनेच हसते, आवाज मात्र पूर्वीचाच आहे. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नाही. कशाला हसतात ते समजत नाही.


शनि., ९ फेब्रु.

वजन थोडे वाढले. प्रथमच.

नोरा सकाळी गेली. निघताना वर आली. कुमुदने तिची बाही डाव्या मुठीत धरली ती सोडेना. टॅक्सीवाला खालून हॉर्न वाजवत होता. शेवटी मी बोटे सोडवली. माझ्या मते कोणीतरी ते करणे आवश्यक होते. कुमुदने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखतो.

नोराने पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून दिला. ‘‘कलमं आहेत ना तुमच्याकडे?’’ म्हणाली. आहेत.


रवि., १० फेब्रु.

प्रयोग १. सोळाही कलमे पाळली. बेचाळीसऐवजी चव्वेचाळीस मिनिटे, एवढाच फरक. रंग, घट्टपणा, लोण्याचे आळे, सर्व तेच. स्वच्छ वाटीत काढले, रुमाल तिच्या गळ्याशी बांधला, खुर्ची पलंगाजवळ ओढून चमचा तिच्या ओठांशी नेला.

‘‘नको.’’

पुन्हा नेला. तोंड मिटलेले. तिसऱ्यांदा नेला तेव्हा मान भिंतीकडे.


सोम., ११ फेब्रु.

प्रयोग २. आज रंग पिवळसर दिसला. शोध घेतला. मी पाने चिरत असताना मेधाने भांड्यात हिंग-मोहरीची फोडणी ओतली होती!

‘‘आईंना चव नको का काही? ते पांढरंफटक कोण खाईल?’’

‘‘त्या बाईच्या हातचे पांढरेफटकच तर खात होती.’’

‘‘म्हणून म्हणते, आपल्या हातचं आपल्या चवीचं लागेल.’’

‘‘मेधा, कारण शोधायचे असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. तू आज हिंग आणि मोहरी, दोन बदलल्यास. शिवाय मला न सांगता.’’

‘‘अप्पा, आई म्हणजे तुमची प्रयोगशाळा नाही. आणि माझ्या प्रयोगशाळेतसुद्धा मी माणसांशी असं बोलत नाही.’’

कुमुदने फोडणीचे खाल्ले नाही, हे येथे नोंदवतो. त्याने माझी बाजू खरी ठरली. मिळवले काहीच नाही.


बुध., १३ फेब्रु.

काल प्रयोग ३ (लोणी बदलून), प्रयोग ४ (बटाटा बदलून). नको, नको.

आज इस्माईलभाईकडे कोबीच नव्हता. पूर्वेकडून माल येत नाही म्हणाला. त्याने जर्जीर दिला, येथील लोक कच्चा खातात तो पाला. शिजवल्यावरही मोहरीसारखा नाकात जातो. मी चव घेतली आणि स्वतःच ठसकलो. कुमुदला दिलाच नाही. दिवस वाया.

दिवसभरात तिने दह्याचे चार चमचे घेतले, मेधाच्या हातून, तेही तिच्या समाधानासाठी असावेत.


शनि., १६ फेब्रु.

वजन घसरले. वाढले होते ते सर्व गेले, वर आणखी थोडे.

डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबणार नाही, पुढचा शनिवार. २३. तेव्हाही घसरलेले असेल तर त्याच दिवशी नळी. मी विचारले की पर्याय काय. ‘‘खाणं,’’ म्हणाले. त्यांचा तर्क निर्दोष आहे.

परतताना गाडीत कुमुदचा हात पुन्हा नाकावर.


रवि., १७ फेब्रु.

शिरीषशी वाद. तो शहरातल्या ओलाया भागातील कार्यालयातून लवकर आला होता. तिथे अर्धी टेबले रिकामी आहेत.

‘‘अप्पा, तुम्ही त्या बटाट्यावर प्रबंध लिहिताय का? घेऊ दे ना नळी. जीव तर राहील.’’

‘‘हात बांधून?’’

‘‘मग काय करायचं? तुम्ही सांगा. तुम्ही नेहमी सांगता.’’

मी त्याच्या ‘तर’ आणि ‘मग’ यांतील दोष दाखवू लागलो. तो उठून गेला. ते योग्यच केले.

दुपारी प्रयोग ७. मी कुमुदला म्हणालो, ‘‘अगं, कृती तीच, पाला तोच, बटाटा तोच. परक्या बाईच्या हातचे खात होतीस आणि माझ्या हातचे नाकारतेस, याला काही कारण असले पाहिजे. कारण सांग. शब्द येत नसेल तर खूण कर.’’

तिने डाव्या हाताने वाटी सरकवली. वाटी खाली पडली. मग दोन शब्द, स्पष्ट:

‘‘तुम्ही जा.’’

झटक्यानंतर दोन शब्द एकत्र आज प्रथम ऐकले. मेधा दारातून म्हणाली, ‘‘आई वाक्य बोलल्या!’’ आणि तिला आनंद लपवता येईना. मी फरशीवरचे लोणी पुसत होतो.


मंगळ., १९ फेब्रु.

नोराला फोन. शिरीषने लाइन लावून दिली. तिसऱ्या प्रयत्नात लागली. बहिणीची शस्त्रक्रिया नीट झाली. मी अभिनंदन करून मूळ विषयावर आलो. सोळा कलमे वाचली. मग विचारले, ‘‘यात काय राहिले? एखादा मसाला? तुम्ही आत नेल्यावर काही वरून घालत होता?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग तुम्ही तिला भरवत कशा होता? चमच्याचा कोन, वेग, काहीही असो, सांगा.’’

फोनवर खरखर.

‘‘प्रोफेसर, मी तिला कधी भरवलं नाही. डावा हात चांगला आहे तिचा. आम्ही दोघी जेवायचो.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे जेवायचो! कडेकडेनं खायचं, एकीनं इकडून, एकीनं तिकडून. प्रत्येक घास मधल्या लोण्यात बुडवायचा. लोण्यापाशी कोण आधी पोचतं ते बघायचं. ती लबाडी करायची. तुम्ही कधी आत आलाच नाहीत?’’

आत गेलो नव्हतो.


बुध., २० फेब्रु.

न्यायशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो: धूर आहे तेथे अग्नी असतोच, पण अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नाही. धूर यायला इंधन ओले असावे लागते. ही आड दडलेली अट. तिला उपाधी म्हणतात. ती दिसली नाही की माणूस आयुष्यभर चुकीचा नियम निर्दोष रीतीने पाळत राहतो. मी हे चाळीस वर्षे फळ्यावर लिहिले.

उपाधी पहिल्याच दिवशी, २३ जानेवारीच्या नोंदीत, माझ्या हस्ताक्षरात आहे. तक्रार क्र. ३ म्हणून: एकाच भांड्यात दोन चमचे.

आता यापुढचे लिहिणे अप्रिय आहे, तरी लिहितो. लग्नानंतर पहिली काही वर्षे आईच्या आग्रहाने कुमुद मी जेवून उठल्यावर माझ्याच ताटात जेवत असे. तेव्हा घरोघर तसेच होते. मी त्याला उष्टे म्हटले नाही. आई गेल्यावर ती पद्धत थांबली. मग ती माझ्यानंतर, वेगळ्या ताटात, स्वयंपाकघरात जेवू लागली. सत्तेचाळीस वर्षांत मी जेवायचो आणि ती वाढायची. आता मी वाढतो आणि ती जेवत नाही. उष्ट्याचा नियम खरा असेल तर तो दोन्ही दिशांनी लागू व्हायला हवा होता. तो एकाच दिशेने चालला. असा नियम विद्यार्थ्याने मांडला असता तर मी त्याला खाली बसवले असते.

निष्कर्ष स्पष्ट आहे. निष्कर्ष कळणे आणि चमचा उचलणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे आज कळले.

दुपारी भांडे आत नेले. माझा वाटा अगोदरच वेगळ्या ताटलीत काढून घेतला. तिच्यासमोर खुर्चीत बसून जेवू लागलो. एकत्र जेवण, उष्टे नाही. मला ही तोड समाधानकारक वाटली होती.

कुमुदने माझ्या ताटलीकडे पाहिले. भांड्याकडे पाहिले. तोंडाच्या चालत्या बाजूने हसली. हे हसणे नोराबरोबरचे नव्हते. मी प्राचार्यांशी वाद जिंकून घरी येत असे आणि सांगत असे, तेव्हा ती असे हसायची.

‘‘नको,’’ म्हणाली.


गुरु., २१ फेब्रु.

सकाळपासून विमाने. रेडिओवर रणगाड्यांच्या हल्ल्याची चर्चा, काही म्हणतात आज, काही म्हणतात उद्या. शिरीषने पाण्याचे आणखी दोन कॅन आणून ठेवले. मेधाने रुग्णालयातून नळीचे सामान कसे असते ते कुमुदला दाखवायला आणले होते, भीती कमी व्हावी म्हणून. पिशवी न उघडताच कपाटात ठेवली.

मी दोन चमचे घेऊन आत गेलो. एक तिच्या हातात दिला. माझा भांड्यापर्यंत नेला. तिच्या ओठांतून निघालेला चमचा लोण्यात बुडाला त्याच क्षणी माझा हात थांबला. मला कारणे पाठ आहेत, तरीही थांबला. मी मिरी आणायच्या निमित्ताने उठलो.

मिरीची डबी घेऊन ओट्यापाशी उभा राहिलो. मेधा भांडी घासत होती. न वळता म्हणाली, ‘‘अप्पा, तुमच्या कलमांत मिरी आधीच घालतात.’’

परत गेलो तेव्हा कुमुदने चमचा पालथा ठेवला होता. तिने दोन घास घेतले होते. दोन.


शुक्र., २२ फेब्रु.

सुटी. शिरीष आणि मेधा दोघेही घरात. दोघांनाही मी स्वयंपाकघरातून घालवले. कोबी मिळाला. इस्माईलभाईने कुणाबरोबर तरी पाल्याची पिशवी घरी पाठवली. आत चिठ्ठी, उर्दूत. येथे राहून लिपी शिकलेल्या शिरीषने वाचली: ‘बेगमसाहिबांसाठी, बकरीसाठी नाही.’

घड्याळ लावले नाही. दूध मोजले नाही. हे तत्त्वतः मला मान्य नाही. मन दुसरीकडे होते म्हणून राहिले.

पलंगाच्या कडेला बसलो. खुर्ची ओढली नाही. पलंग माझ्या वजनाने खचला आणि कुमुद माझ्याकडे कलली, भांडे दोघांच्या मध्ये धरावे लागले. तिने चमचा घेतला. मी घेतला. तिने भांड्यातील बटाट्यावर चमच्याच्या टोकाने एक रेघ ओढली. एक बाजू माझी, एक तिची. माझी बाजू मोठी, हे मी पाहिले. मग तिने तिच्या बाजूचा आळ्याचा बांध फोडला आणि लोणी सगळे तिकडे वळवले.

‘‘अगं, ही शुद्ध लबाडी आहे,’’ मी म्हणालो.

‘‘खा,’’ ती म्हणाली.

मी खाल्ले. पहिला घास माझ्या बाजूच्या कोरड्या कडेचा घेतला. दुसऱ्याला लोणी हवे होते आणि लोणी फक्त तिच्या बाजूला होते, जेथून ती खात होती. ती थांबून पाहत राहिली. शिरीष आणि मेधा दाराआड उभे आहेत हे मला कळत होते.

चमचा तिच्या बाजूच्या लोण्यात बुडवला आणि तोंडात घातला. गिळला. काही झाले नाही. चवीविषयी सांगण्यासारखे काही नाही. कोमट, तुपकट, किंचित गवतासारखे.

तिने खाल्ले. मी खाल्ले. पाच झाले, मग मोजायचे विसरलो. तिच्या हनुवटीला लागले ते मी रुमालाऐवजी बोटाने पुसले. ते बोट कोठे पुसावे कळेना.

मग ती थांबली. चमचा हवेत. उद्याची सकाळ, वजनाचा काटा, नळीची कपाटातली पिशवी, सर्व एकदम डोळ्यांसमोर आले. ‘‘काय झाले? अडकले का?’’

तिने मान हलवली. ओठ जुळवायला तिला वेळ लागला. मी मध्ये बोललो नाही. हे मला कठीण गेले.

‘‘मीठ,’’ ती म्हणाली.

मी चव आठवून पाहिली. तिचे बरोबर होते. मीठ घातलेच नव्हते. चौदावे कलम. मी एवढा वेळ खात होतो आणि मला समजलेही नव्हते.

मीठ आणायला उठलो. दारातून शिरीष पुढे होऊन म्हणाला, ‘‘मी आणतो, अप्पा, तुम्ही बसा.’’ मी ऐकले नाही. डबी मला ठाऊक आहे, त्याला नाही.

परत आलो तेव्हा तिचा चमचा अजून हातातच होता आणि रेघेच्या माझ्या बाजूला एक घास कमी झाला होता.